बांध कोरणाऱ्याला दंड करणारं गाव : इंग्लंडमधलं लॅक्स्टन

पेरणीचे दिवस आले की आपल्या तालुक्यात दोन ठिकाणी गर्दी वाढते. एक कृषी सेवा केंद्रात आणि दुसरी पोलीस ठाण्यात. खताची रांग समजू शकतो, पण ठाण्यातली रांग असते बांधाची. कुणी दोन तास जास्तीचे ओढले, कुणी बांध कोरत कोरत पाऊलवाटेएवढा करून ठेवला, कुणी ट्रॅक्टर वळवताना हद्दीची खूणच उपटली. सख्खे भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत ते याच हातभर मातीपायी. "बांधाच्या वादातून मारहाण" हा मथळा मी आजवर किती वेळा दिला असेल, त्याचा हिशेब नाही.

म्हणून आज एका गावाची गोष्ट सांगतो. गाव आपलं नाही, इंग्लंडमधलं आहे. तिथे शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या रानात बांधच नाही. कुंपण नाही, तार नाही. तरीही तिथली वहिवाट शेकडो वर्षं चालू आहे. दरवर्षी नोव्हेंबर संपता संपता गावातले शेतकरी एकत्र रानात उतरतात, कुणी किती नांगरलं ते तपासतात आणि ज्याने हद्द ओलांडली त्याला दंड लावतात. पोलीस नाही, तहसील नाही, वकीलपत्र नाही.

गावाचं नाव लॅक्स्टन. जिल्हा नॉटिंगहॅमशायर. रॉबिन हूडच्या गोष्टींमुळे शेरवूडचं जंगल आपल्याला ऐकून माहीत आहे, त्याच भागातलं हे छोटंसं खेडं. एक चर्च, एक पब, रस्त्याच्या दोन्ही अंगांना विटांची घरं, आणि घरांच्या मागे रान. आपल्याकडे कसं गावठाण मध्ये आणि शेती भोवती असते, तसंच. इंग्लंडच्या बऱ्याच भागात शेतकऱ्याचं घर लांब, एकटं, स्वतःच्या शेतात असतं. लॅक्स्टनमध्ये मात्र शेतकऱ्यांची घरं आणि गोठे आजही गावातल्या रस्त्यालाच लागून आहेत. याचं कारण शेतीच्या पद्धतीत आहे.

लॅक्स्टनच्या जिरायतीचे तीन मोठे सलग तुकडे आहेत: साउथ फील्ड, मिल फील्ड आणि वेस्ट फील्ड. आपण म्हणू दक्षिणेचं रान, गिरणीचं रान आणि पश्चिमेचं रान. प्रत्येक रान लांबच लांब पट्ट्यांमध्ये वाटलेलं. एका शेतकऱ्याचे सगळे पट्टे एका जागी नसतात. दोन इथे, एक तिथे, तिसरा पार पलीकडे. तिन्ही रानांत प्रत्येकाचा थोडा थोडा वाटा. मग घर कुठल्या शेतात बांधणार? म्हणून सगळे गावात.

पहिल्यांदा ऐकलं की हे वेड्यासारखं वाटतं. पण आपल्या आजोबांनी वाटणी करताना काय केलं होतं ते आठवा. काळ्या रानातला एक तुकडा थोरल्याला, एक धाकट्याला. माळाचा अर्धा याला, अर्धा त्याला. विहिरीत दोघांची पाळी. चांगली जमीन एकालाच आणि मुरमाड दुसऱ्याला असं होऊ नये म्हणूनच ना? लॅक्स्टनच्या विखुरलेल्या पट्ट्यांमागेही हा हिशेब धरला जातो. पाऊस जास्त झाला तर खोलगट पट्टा गेला, पण चढावरचा वाचला. कुणी एकदम बुडत नाही, कुणी एकदम फुगतही नाही.

पिकाची फेरपालटही वैयक्तिक नाही, गावाची आहे. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. पुढच्या वर्षी चक्र एक घर पुढे सरकतं. यंदा गव्हाचं रान असेल तर तिथे सगळ्यांचा गहू. मला मनात आलं म्हणून मी मध्येच ऊस लावतो, असं चालत नाही. कारण पीक निघालं की पूर्वी त्या रानात सगळ्यांची जनावरं चरायला सुटायची. एकाचं पीक उभं राहिलं तर सगळ्यांची चराई अडणार. पड रानाला मेंढ्यांचं खत मिळायचं आणि जमिनीला विश्रांती. अलीकडच्या काळात पड म्हणजे कोरडी पड राहिली नाही, तिथे गवत-चारा घेतात. पण तीन वर्षांचं चक्र कायम आहे.

आता पट्टे लांबच का? चौकोनी का नाहीत? १९३८ साली ऑर्विन नावाच्या नवरा-बायकोने "द ओपन फील्ड्स" हा ग्रंथ लिहिला, त्यात लॅक्स्टनचा सगळा इतिहास खोदून काढला. चार्ल्स ऑर्विन ऑक्सफर्डला शेतीच्या अर्थशास्त्राच्या संस्थेचे संचालक होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. या रानांचा आकार कुणा राजाने कागदावर ठरवलेला नाही, तो नांगराने ठरवला. जड लाकडी नांगर, त्याला बैलांच्या जोड्या. असं औत सारखं सारखं वळवणं म्हणजे जिवावरचं काम. म्हणून बैल न थांबता जेवढं ओढतील तेवढं लांब तास, आणि दिवसभरात जेवढी नांगरट होईल तेवढा पट्टा.

आणि इथे लॅक्स्टन थेट आपल्या सातबाऱ्यात येऊन बसतं. इंग्रजीत लांबीचं एक माप आहे, फर्लांग. आपल्याकडची जुनी माणसं अजूनही म्हणतात, "फर्लांगभर चालत गेलो." या शब्दाचा मूळ अर्थच "तासाची लांबी" असा आहे. फर्लांग म्हणजे ६६० फूट. आणि एकर म्हणजे एका औताची दिवसभराची नांगरट, असं ढोबळ माप होतं. पुढे ते पक्कं झालं: एक फर्लांग लांब आणि ६६ फूट रुंद. १६२० च्या सुमारास एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने ६६ फुटांची मोजणीची साखळी रूढ केली. दोनशे वर्षांनी गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्याची जमीन-मोजणी मार्गी लावली. आपल्याकडे रूढ झालेली साखळी ३३ फुटांची, म्हणजे गुंटरच्या साखळीच्या बरोबर अर्धी. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तो एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. कागदावर आज हेक्टर-आर आलं, पण पारावर बसून जमिनीचा सौदा करताना आपण एकर-गुंठ्यातच बोलतो. इंग्लंडच्या चिखलात बैलांनी ओढलेल्या पट्ट्याचं माप आपण शेजाऱ्याशी भांडायला वापरतो, हे किती जणांना माहीत आहे?

आता त्या तपासणीच्या दिवसाकडे येऊ.

लॅक्स्टनमध्ये दरवर्षी बारा जणांचं पंचमंडळ नेमलं जातं. इंग्रजीत त्याला ज्युरी म्हणतात. सगळे गावचेच, शेतीतले. त्यांचा एक म्होरक्या. नोव्हेंबरच्या अखेरीस, गव्हाची पेरणी उरकल्यावर, हे बारा जण ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून त्या वर्षीच्या गव्हाच्या रानात जातात. सोबत लाकडी खुंट्या आणि हातोडा. पट्ट्यांच्या मध्ये बांध नसतो, फक्त एक तास असतं. म्हणून टोकांच्या खुंट्या महत्त्वाच्या. खुंटी हलली असेल, नांगरात गेली असेल, तर पंच नजरेने रेघ धरतात, सगळ्यांच्या समोर जागा ठरवतात आणि नवी खुंटी ठोकतात. शेजाऱ्याच्या पट्ट्यात घुसलेला नांगर, शेतरस्त्यावर चढलेला नांगर, गवताच्या पट्टीत शिरलेला नांगर, सगळं टिपून घेतात.

यातल्या गवताच्या पट्ट्यांना तिथे "साइक" म्हणतात. रानात मध्येमध्ये ओलसर, खोलगट, नांगराला न जमणारी जागा असते, ती गवताला सोडलेली. ही कुणा एकाची नाही. तिथल्या गवताच्या कापणीचा हक्क लिलावाने दिला जातो. शेकडो वर्षं नांगर न लागल्यामुळे तिथे अशा रानफुलांच्या जाती टिकल्या आहेत की सरकारने या पट्ट्यांना निसर्गदृष्ट्या महत्त्वाची जागा म्हणून संरक्षण दिलं आहे. गावाने चाऱ्यासाठी राखलं, आणि आपोआप फुलं राखली गेली.

दुपारी पंचमंडळ गावातल्या डव्हकोट इन या पबमध्ये जेवतं आणि दंड ठरवतं. आठवड्यानंतर तिथेच गावाचं न्यायालय भरतं. नाव "कोर्ट लीट". जमीनदाराचा कारभारी अध्यक्षस्थानी बसतो, पट्टेवाल्यासारखा एक बेलिफ असतो, हजेरी घेतली जाते. न येणाऱ्यालाही नाममात्र दंड. पंचांचा अहवाल वाचला जातो, दंड पुकारले जातात आणि पुढच्या वर्षीच्या रानासाठी नवे पंच शपथ घेतात. पुढच्या वर्षी गव्हाचं रान बदललेलं असतं, म्हणजे प्रत्येक रानाची तीन वर्षांतून एकदा झडती होतेच.

दंड किती? काही पौंड. तिथल्या शेतकऱ्याच्या खिशाला काहीही नाही. पण नाव सगळ्या गावासमोर पुकारलं जातं. आज ज्याच्यावर दंड लागला तोच पुढच्या वर्षी पंच असू शकतो, आणि आजचा पंच उद्याचा आरोपी. म्हणून पंचांनाही आव आणता येत नाही. आपल्याकडे मोजणीची फी भरा, तारीख घ्या, तारखेला शेजारी हजर नाही, पुन्हा तारीख, मग अपील. तोवर दोन हंगाम जातात आणि डोकी फुटतात. तिथे वाद एक हंगामही जुना होऊ देत नाहीत. मला या गावातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. दंडाचा आकडा लहान आहे, पण तपासणी चुकत नाही.

ही फक्त हौशी परंपरा आहे असं समजू नका. १९७७ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून देशभरातल्या अशा जुन्या गावकोर्टांचे न्यायाचे अधिकार संपवले. त्यातून लॅक्स्टनला मुद्दाम वगळलं.

गावात आणखी एक गोष्ट जपलेली आहे, ती वाचून मला हसू आलं. कोंडवाडा! भटकं जनावर पिकात शिरलं तर धरून कोंडायचं, मालकाने दंड भरून सोडवायचं. अगदी आपल्या ग्रामपंचायतीचा कोंडवाडा. आपल्याकडच्या कोंडवाड्यांची आज काय अवस्था आहे ते तुम्हीच आपापल्या गावात जाऊन बघा.

आता थोडा मागचा इतिहास.

१०८६ साली इंग्लंडच्या नॉर्मन राजाने देशभरातल्या गावांची नोंद करवली. त्या डूम्सडे बुकात लॅक्स्टनचं नाव आहे. गावाच्या उत्तरेला किल्ल्याचं टेकाड आहे. भिंती गेल्या, मातीचा उंचवटा आणि खंदकाच्या खुणा राहिल्या. शेरवूडच्या राजवनाची राखणदारी इथल्या जमीनदार घराण्याकडे वंशपरंपरेने होती. सेंट मायकेलच्या चर्चमध्ये त्या एव्हरिंगहॅम घराण्याची थडगी आहेत.

पण गावाचा खरा खजिना आहे १६३५ सालचा नकाशा. मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने तो काढला. एकेक पट्टा, त्याचा कसणारा, घर, रस्ता, गवताची पट्टी, सगळं त्यात आणि सोबतच्या नोंदवहीत आहे. नकाशात नांगरणारी, कापणी करणारी माणसंही चितारली आहेत. आज तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात जपलेला आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर गावाचा गटनकाशा आणि आठ-अ, दोन्ही एकत्र, ते सुद्धा शिवाजी महाराज पाच वर्षांचे होते तेव्हाचे!

हा नकाशा काढून घेतला कुणी? तेव्हाचे जमीनदार सर विल्यम कोर्टीन यांनी. आणि हे नाव महाराष्ट्राच्या इतिहासाला परकं नाही. कोर्टीन म्हणजे लंडनचा मोठा व्यापारी. घराणं मूळचं फ्लँडर्समधून आलेलं, कापडाच्या व्यापारात पैसा केलेलं. ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी असतानाही त्याने राजा पहिला चार्ल्स याच्याकडून १६३५ मध्येच पूर्वेकडच्या व्यापाराचा वेगळा परवाना मिळवला. कॅप्टन जॉन वेडेल याच्या हाताखालचा त्याचा ताफा १६३६ मध्ये गोव्याला पोहोचला. त्याच वर्षी कोर्टीन वारला, पण त्याच्या मंडळींनी पुढच्या काळात भटकळ, कारवार आणि आपलं कोकणातलं राजापूर इथे व्यापार मांडला. पुढे हा सगळा पसारा ईस्ट इंडिया कंपनीत जिरला. त्याच राजापूरच्या कंपनीच्या वखारीतल्या इंग्रजांनी १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली आणि १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरवर चाल करून त्यांना कैदेत टाकलं, हे तर आपण शाळेपासून ऐकत आलोय.

म्हणजे बघा, एका खेड्यातल्या शेतकऱ्यांचे पट्टे मोजणारा पैसा आणि राजापूरच्या बंदरात मिरी-कापड शोधणारा पैसा एकाच तिजोरीतला. मोजणी ही काही धर्मादाय कामासाठी नव्हती. आपल्या नव्या जहागिरीतून किती खंड येतो हे शेठजींना पाहायचं होतं. पण त्याने वसुलीसाठी केलेला कागद आज गावाची ओळख झाला आहे. जमिनीचा कागद असाच असतो. कुणी कशासाठीही लिहिलेला असो, टिकला तर पुढे भलत्याच कामाला येतो.

आता मुख्य प्रश्न. ही पद्धत एकट्या लॅक्स्टनची होती का? मुळीच नाही. इंग्लंडच्या मध्य भागातली गावंच्या गावं अशीच होती. मग ती गेली कुठे?

गेली कुंपणात. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने पाच हजार दोनशेहून अधिक कायदे केले, एकेका गावाची उघडी रानं आणि सामायिक माळ वाटून कुंपणात घालण्यासाठी. एकूण ६८ लाख एकर, इंग्लंडच्या एकूण जमिनीचा पाचवा हिस्सा. त्याआधी आणि त्याशिवाय आपसात करार करून जे कुंपण झालं ते वेगळंच. आजचं इंग्लंड पर्यटकांच्या फोटोत दिसतं ना, हिरवी चौकोनी शेतं आणि कडेने झुडपांची कुंपणं, ते दृश्य फार जुनं नाही. त्यातलं बरंचसं या कायद्यांनी रेखलेलं आहे.

यात उत्पादन वाढलं, हे नाकारता येणार नाही. सलग शेत मिळालं की माणूस हवं ते पीक घेतो, पाण्याचा निचरा करतो, जनावरांची निपज सुधारतो. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. ज्याच्याकडे एक-दोन पट्टे आणि माळावर एक गाय चारायचा हक्क होता, त्याला वाटणीत टीचभर तुकडा आला, आणि कुंपण घालायचा खर्च त्याच्याच डोक्यावर. कित्येकांनी तुकडा विकला आणि मजुरीला लागले. ज्याचा हक्क कागदावर नव्हता, नुसता वहिवाटीचा होता, त्याच्या हाती काहीच आलं नाही. जॉन क्लेअर नावाचा शेतमजूर कवी इंग्लंडमध्ये होऊन गेला. त्याच्या हेल्पस्टन गावासाठी १८०९ मध्ये असाच कायदा झाला आणि बंद झालेल्या वाटांचं दुःख तो आयुष्यभर लिहीत राहिला.

मग लॅक्स्टन कसं वाचलं? कुणा संताच्या पुण्याईने नाही. तिथेही अठराव्या शतकात काही जमीन कुंपणात गेलीच. उरलेली राहिली, कारण गावात दोन मोठे जमीनदार होते, अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारब्रो. एकोणिसाव्या शतकात या दोघांचं अदलाबदलीवर एकमत झालं नाही. म्हणजे दोन बड्यांच्या भांडणात गरिबांची वहिवाट वाचली! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्सने कुंपण न घालता पट्टे एकत्र करून थोडे मोठे केले. तेवढ्यामुळे पुढे ट्रॅक्टर आल्यावरही पद्धत चालू शकली.

१९५२ साली शेवटच्या अर्ल मॅनव्हर्सने ही जमीन सरकारच्या कृषी मंत्रालयाला विकली, पद्धत टिकवावी या हेतूने. म्हणजे देशाचं कृषी खातं एका गावाचं जमीनदार झालं. जवळपास तीस वर्षांनी सरकारलाच ते ओझं वाटू लागलं आणि विक्रीची चर्चा सुरू झाली. गावात आणि इतिहासाच्या अभ्यासकांत काळजी पसरली. शेवटी १९८१ मध्ये क्राउन इस्टेट या राजमुकुटाच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेने ती घेतली. आणि २०२० मध्ये तिनेही ती विकली, ती घेतली थोर्सबी इस्टेटने, म्हणजे मॅनव्हर्स घराण्याच्याच वारशाने. चक्र फिरून तिथेच आलं. प्रत्येक विक्रीच्या वेळी प्रश्न तोच: नवा मालक पद्धत चालवेल का? आजवर चालवली आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर आपण लॅक्स्टनला उगाच रामराज्य ठरवू. तिथले शेतकरी या पट्ट्यांचे मालक नाहीत, बहुतेक कुळं आहेत. जमीन जमीनदाराची. ते कोर्ट लीटही मुळात जमीनदाराचंच कोर्ट. शेतकऱ्यांना शिस्तीत ठेवायला आणि आपला हक्क शाबूत राखायला. शेतीही सोपी नाही. विखुरलेल्या पट्ट्यांत मोठं यंत्र फिरवायचं, पीक गावाच्या चक्राप्रमाणे घ्यायचं, यात पैशाचा तोटा होतो. नव्या पिढीने हे का करावं, हा प्रश्न तिथेही आहेच. कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली, त्या महाराष्ट्रातल्या वाचकाला "जमीनदार बदलला" हे वाक्यच खटकेल, आणि ते बरोबरच आहे.

पण त्या चौकटीतही शेतकऱ्यांनी एक गोष्ट आपल्या हातात ठेवली: देखरेख.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन प्राध्यापकाचा एक लेख फार गाजला. त्याचा मुद्दा असा की, सामायिक माळ असला की प्रत्येकजण आपलं एक जनावर वाढवत जातो आणि शेवटी माळ सगळ्यांचाच बुडतो. आपल्याकडे गायरानाची दशा पाहून पटकन पटतंही. पण एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाईंनी जगभरातली कुरणं, पाटपाण्याच्या संस्था, मासेमारीची गावं अभ्यासून दाखवलं की हे अटळ नाही. जिथे हद्द स्पष्ट असते, नियम गावाने केलेले असतात, तपासणी गावच करतं आणि पहिला दंड छोटा असतो, तिथे सामायिक गोष्ट शतकानुशतकं टिकते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांची ही यादी वाचली की लॅक्स्टनची खुंटी, पंच आणि दोन-चार पौंडांचा दंड डोळ्यासमोर येतो.

आपण वारसा म्हटलं की काय आठवतं? वाडा, बुरूज, बारव, मंदिर. ते जपायलाच हवं. पण लॅक्स्टनच्या किल्ल्याच्या भिंती कधीच गेल्या, आणि वारसा म्हणून जग जे बघायला जातं ते आहे एक रान आणि ते राखायची सवय. ही सवय संग्रहालयाच्या काचेत ठेवता येत नाही. एका वर्षी पंच रानात गेले नाहीत, तर खुंट्या हलतील. तीन वर्षं गेले नाहीत, तर कुणाचं काय हे कुणालाच सांगता येणार नाही. मग कायद्याची कलमं आणि नकाशे शिल्लक राहतील, लॅक्स्टन राहणार नाही.

आणि हे वाचून आपण आपल्या गावाकडे बघितलं पाहिजे. प्रत्येक गावाच्या नकाशात गायरान आहे, पाणंद आहे, शिवरस्ता आहे, ओढा आहे. कागदावर सगळं जागेवर आहे. प्रत्यक्षात पाणंदीत ऊस आहे, ओढ्यात प्लॉट आहे, आणि गायरान किती उरलं हे ग्रामसभेत विचारायची सोय नाही. दोष फक्त अतिक्रमण करणाऱ्याचा धरून चालणार नाही. गावाने शेवटचं कधी एकत्र चालत जाऊन शिव पाहिली होती? आपल्याकडेही पंच होते, जुनी जाणती माणसं शिवेवरचे दगड दाखवायची. त्यातली जी हयात आहेत ती आज ऐंशीच्या पुढची आहेत.

करायला काय लागतं? गावाचा नकाशा भूमी अभिलेखच्या कार्यालयातून मिळतो. वर्षातला एक दिवस, सुगी झाल्यावरचा. दहा-बारा माणसं, सगळ्या भावक्यांतली, सगळ्या वस्त्यांवरची, बाया धरून. एक जाणता म्हातारा, एक मोबाईल घेतलेला पोरगा. पाणंदीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, काय आहे ते लिहायचं आणि ग्रामसभेत वाचून दाखवायचं. पहिल्या वर्षी दंड नको, नुसतं वाचन करा. तेवढ्यानेही पुष्कळांचे नांगर पुढच्या वर्षी वीतभर अलीकडे थांबतील.

तुमच्या गावात शिव, पाणंद किंवा गायरान राखायची अशी काही जुनी रीत होती का? असेल तर कमेंटमध्ये लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून, गावाच्या नावासकट लिहा. आलेली माहिती एकत्र करून मी याच पानावर टाकतो.